मास्तरचा लोखंडी हात

मास्तरनं मला निवडलं ते कारखान्यात माझे हात सगळ्यात वंगाळ म्हनून. हे मी माझ्या मनानं सांगत न्हाय, समद्यांम्होरं त्येनंच सांगितलं. दुपारचा चहा चालल्याला, आमी बारा-चौदा जन पत्र्याच्या सावलीला टेकल्यालो. मास्तर आला, एकेकाच्या हातात काठोकाठ भरल्याली कपबशी दिली आन म्हनला, "हितनं त्या खांबापातुर जावा आन परत या." सगळे गेले, आले. मी आलो तवा बशीत चहा, शर्टावर चहा, पायावर चहा. कपात तेवढा नव्हता. मास्तरनं माझ्या खांद्यावर थाप टाकली. मला वाटलं, गेली नोकरी.

"हाच पायजे," मास्तर म्हनला. "ह्याच्या हातनं बरोबर आलं म्हंजे दुनियेत कुनाच्या बी हातनं येईल."

घरी जाऊन बायकूला सांगितलं, आज साऱ्या कारखान्यातनं माझी निवड झाली. कशासाठी ते तिनं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. तिनं शेजारीपाजारी साखर वाटली.

मी मूळचा मंद्रूपचा. बहात्तरच्या दुष्काळात रान सोडून सोलापुरात आलो आन अक्कलकोट रोडच्या ह्या कारखान्यात चिकटलो. शाळा दुसरीपातुर, त्यातलं बी एक वरीस गुर्जींच्या म्हशीमागं गेलं. म्हशीचं मला आजून समजतंय, पाढ्यांचं न्हाय.

कारखान्यात यंत्रमागाच्या बिडाच्या, म्हंजे ओतीव लोखंडाच्या, चौकटी व्हायच्या. चौकट उचलायची म्हंजे चार मानसं लागायची. तपासायला ती टेबलावर न्यायची, तितनं परत आनायची, ह्यात पाट मोडून निघायची. मास्तर हुता तपासनीस. चौकटीवरची छिद्रं एकमेकापासनं बरोबर अंतरावर हायती का न्हाय हे बगायचं त्येचं काम. त्येनं ठरवलं, चौकट मापाकडं न्यायची न्हाय, माप चौकटीकडं न्यायचं. त्यापायी तीन वर्सं खपून त्येनं एक लोखंडी हात केला. अगदी मानसाच्या हातागत. खांदा, कोपर, मनगट. सांध्यात पोलादी छर्रे, दर सांध्याला एक तबकडी, तबकडीवर केसागत रेघा, आन बोटाच्या जागी गुळगुळीत गोळी. गोळी एका जागी टेकवायची, तबकड्या वाचायच्या, मग दुसऱ्या जागी टेकवायची, परत वाचायच्या. मास्तर त्येच्या तक्त्यात बगून अंतर सांगायचा. पेटीत घालून खांद्यावर टाकली की हात कुटं बी न्यावा.

पन हात खरं बोलतोय का खोटं, हे रोज तपासायला लागायचं, आन तितं माझी नेमनूक. मी गोळी टेकवायची. कोपर वर करून, खाली करून, डावीकडनं, उजवीकडनं, एकाच जागी धा वेळा. धाच्या धा वेळा आकडा तोच आला तर मास्तर हसायचा. एकदा जरी हलला तर माझ्याकडं न बगता लोखंडी हाताला म्हनायचा, "का रं, काय हुतंय तुला?" माझ्या बायकूनं मला इतक्या मायेनं कधी इचारलं न्हाय.

हाताला शिवायच्या आदी मास्तर सोताचे तळवे पान्याच्या मडक्याला लावून गार करायचा. सोलापूरचं ऊन, त्यात पत्र्याचं छप्पर. मानसाच्या अंगाची ऊब लोखंडाला लागली की लोखंड फुगतंय म्हनं. मला बी लावायला सांगायचा. मी लावायचो आन तेवढ्यात वंजळीनं पानी पिऊन घ्यायचो.

मानसांना पन त्यो तसंच तपासायचा. सकाळी इचारायचा, "काल ऐतवारी काय केलंस?" मी म्हनायचो, रानात गेल्तो. दुपारी परत तेच. मी म्हनायचो, सासरवाडीला. संध्याकाळी सुटताना परत. मी म्हनायचो, पडून हुतो. मास्तर मान हलवायचा. "तुझा फैलाव लई हाय रं. तीन खेपंला तीन उत्तरं." राग न्हाय, काय न्हाय. डाक्टरनं ताप सांगावा तसं सांगायचा.

जेवायला त्यो शुक्रवार पेठेतल्या एका खानावळीत जायचा, अक्काच्या. अक्का लिंगायत, बोलताना निम्मं कानडी, पन भाकरी अशी थापायची की बगत बसावं. एकदा मला बी संगं नेलं. मी कालवनात बोट बुडवलं आन बगतोय तर मास्तरनं खिशातनं पट्टी काडल्याली. एकेक भाकरी मोजतोय.

"मास्तर, ऊटा माड्री, जेवा आदी," अक्का म्हनली. "जेवायला आलाव का जमीन मोजायला वो?"

"अक्का, धाच्या धा सारख्या. दोन सुताचा बी फरक न्हाय."

"मग झालं की."

"कसं झालं? मी सात इंची सांगितली हुती. ही साडेआठ हाय. धाच्या धा साडेआठ. तुमचा हात तेच ते काडतोय, खरं काडत न्हाय."

"तुमच्या पोटाचं माप मी घेतलंय," अक्का म्हनली. "बरगड्या बगा सोताच्या. गप खावा."

मास्तरनं गप खाल्लं. भाईर आल्यावर मला म्हनला, "तेच ते येनं एक, खरं येनं दुसरं. तेच ते येत असंल तर ते खरं करून घेता येतंय, दीड इंच वजा कर की झालं. पन दर खेपंला नवाच आकडा यायला लागला तर काय वजा करशीला?" मला काय कळलं न्हाय. मी म्हनलो, "व्हय." त्येनं परत इचारलं, कळलं का. मी परत म्हनलो, "व्हय." माझा फैलाव त्या दिशी कमी हुता.

आता मापाला बी माप लागतंय. ते मास्तरच्या कपाटात, एका पेटीत, मखमलीवर झोपल्यालं असायचं. पोलादी दांडी, अंगठ्याएवढी जाड, बरोबर पाचशे मिली लांब, म्हंजे अर्धा मीटर. मुंबईस्नं तपासून आल्याली. लोखंडी हातानं दांडीच्या दोन्ही टोकांना टेकायचं. पाचशे आलं तर हात खरा. शेठनं सांगितल्यालं, अक्कानं सांगितल्यालं, सोताच्या घड्याळानं सांगितल्यालं, कशावरच इस्वास न ठेवनारा मास्तर त्या दांडीवर मातुर डोळं झाकून इस्वास ठेवायचा.

आमचा शेठ तसा बरा मानूस, पन त्येचा बी धीर सुटला. दसऱ्याच्या आदी तपासनीच्या खोलीत आला आन उभ्या उभ्याच म्हनला, "मास्तर, तीन वर्सं झाली ह्या खेळन्याला. दिवाळीच्या आदी पुन्याचा सायेब येनार हाय. त्येच्या कंपनीच्या चौकटी आपल्याला मिळायच्या तर तपासनी पक्की पायजे. त्येच्यासमोर हे चाललं तर काम आपलं. न्हाय चाललं तर हा हात भट्टीत, आन तुमी आपले गावी अकलूजला जावा."

मास्तर म्हनला, "भट्टीत मला घाला. ह्येला नगं."

शेठ हसला. मास्तर हसला न्हाय.

खंडेनवमीला मास्तर अकलूजला भनीकडं गेला. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "पेटीवर झेंडूचं एक फूल ठेव. पेटी उघडायची न्हाय. काय करायचं न्हाय?"

"उघडायची न्हाय."

तीनदा इचारलं. तीनदा मी तेच सांगितलं. मास्तर खूश हून गेला.

मी पेटी उघडली.

आता का उघडली, तर सनाचा दिवस. लेथला हार, ग्राइंडरला हार, माझ्या नट-बोल्टाच्या पान्याला बी हळद-कुक्कू, आन कारखान्यातलं सगळ्यात मोठं हत्यार तेवढं कपाटात उपाशी? जिवाला बरं वाटंना. दांडी काडली, रॉकेलनं पुसली, पान्यानं धुतली, एका हातात दांडी धरली आन दुसऱ्या हातानं ताट ओवाळाय लागलो. मास्तरनं हे हात कशापायी निवडले हुते ते मी इसरलो. दांडी सुटली आन टोकावर पडली. ठन्न. टोकाची कड दबून भाईर फुगली.

मग मी डोकं चालवलं. ते चालवायला नगं हुतं. फुगल्यालं तेवढं काडावं म्हनून दांडी ग्राइंडरला टेकवली. ग्राइंडरच्या गळ्यात हार तसाच, झेंडूच्या पाकळ्या सगळ्या माझ्या तोंडावर. एका बाजूनं जरा जास्त गेलं. म्हनून दुसऱ्या बाजूनं काडलं. मग पयली बाजू उंच दिसाय लागली. असं करत करत टोक सपाट केलं, पॉलिश मारलं, ग्रीस लावलं आन मखमलीवर निजवलं. पयल्यापेक्षा चकचकीत. पेटीवर फूल ठेवलं. गेलं असंल किती? नखाएवढं बी न्हाय. मी घरी जाऊन पुरनपोळी खाल्ली.

मास्तर आला. येताना अकलूजचे पेरू आनले, टेबलावर ठेवले आन मला म्हनला, "टेकव."

मी टेकवलं. चारशे नव्व्यान्नव आन सात दशांश. परत. तेच. धा वेळा तेच.

मास्तरचं तोंड उतरलं. एका मिलीचे धा वाटे केले तर त्यातले तीन वाटे कमी येत हुते. त्येनं पातळ पत्र्याची एक पात काडून माझ्या बोटात दिली. "बग, एवढं. एवढ्यानं हात खोटं बोलतोय." मी पात चिमटीत धरली. एवढंच. बरोबर एवढंच मी ग्राइंडरवर उडवलं हुतं.

तवाच सांगायचं. एक वाक्य हुतं. पन बायकूला सातवा म्हैना, नोकरी पक्की हून चार म्हैने झाल्याले, आन मुळात मी भित्रा. म्हनलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिशी मास्तरनं पत्र्यावर वली पोती टाकायला लावली. उन्हानं फरक पडत असंल म्हनं. पोती टाकली, धा वेळा तेच आलं. मग सांध्यातले छर्रे बदलले. तेच. मग माझ्या श्वासाची वाफ लागती म्हनून मला दम रोखून टेकवायला लावलं. मी जांबळा पडलो, आकडा हलला न्हाय. मास्तर नीट बसंना, नीट उभा ऱ्हाईना. तपासनीच्या खोलीत येरझारा घालायचा, मधीच थांबायचा, तबकडीला कान लावायचा. मी बी तसाच. त्यो ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपातुर, मी त्या भिंतीपासनं ह्या भिंतीपातुर. शेठ दारातनं बगून म्हनला, "काय रे, कवायत चाललीय का?"

तीनदा मी धाडस केलं.

"मास्तर, एक सांगायचं हुतं."

"सांग."

"आज... उकडतंय लई."

दुसऱ्या खेपंला म्हनलो, सायकल पंक्चर झाली. तिसऱ्या खेपंला तोंड उघडलं आन तेवढ्यात आठवलं, अक्कानं खरंच एक निरोप दिला हुता. "अक्का इचारत हुत्या, आठ दिवस झाले जेवायला का येत न्हाय. ही भाकरी दिलीया." फडकं सोडलं. भाकरी लहान हुती. मी म्हनलो, "म्हनल्या, सात इंचाची केलीया, सांग त्यास्नी." मास्तरनं भाकरी हातात घेतली. पट्टी काडली न्हाय. नुसती धरून बसला. मला तितनं पळून जावं वाटलं, आन मी पळालो बी, संडासात.

बाराव्या दिशी त्येनं लोखंडी हात खोलला. कोपराम्होरची पट्टी काडून टोकाला घासली, अंदाजानं न्हाय, हिशेबानं. हात आखूड झाला, तबकड्या जास्त फिराय लागल्या, आन परत जोडून मला म्हनला, "टेकव."

पाचशे. परत पाचशे. धा वेळा पाचशे.

मास्तरनं मला मिठी मारली. माझा जीव भांड्यात पडला. म्हनलं, देवानं मिटवलं. दांडी लबाड हुती, आता हात बी लबाड झाला, दोघांचं जमलं. माझं काय अडलंय? त्या रात्री मी घोरलो म्हनं.

तेराव्या दिशी पुन्याचा सायेब आला. पांढरा शर्ट, बारीक मिशी, बोलायला शांत. शेठ म्हागं म्हागं. मास्तरनं धुतल्याला सदरा घातल्याला. लोखंडी हात टेबलावर, आन मी मडक्याला तळवे लावून उभा. मास्तर कपाटातनं दांडीची पेटी काडाय लागला तसा सायेब म्हनला, "राहू द्या. मी माझी आणलीय."

आन त्येनं बॅगंतनं एक पेटी काडली. आत दांडी. पाचशेची.

माझ्यासारख्या दुसरी शिकल्याल्याला बी एवढं कळत हुतं की खऱ्या दांडीवर आमचा हात खोटा पडनार. शेठसमोर, सायेबासमोर, आन मास्तरला कळनार बी न्हाय का पडला ते. जन्मभर म्हनत ऱ्हानार, माझ्या हाताचंच चुकलं. आन हात भट्टीत.

"टेकव रे," मास्तर म्हनला.

"मास्तर, दांडी माझ्या हातनं पडली."

"अजून घेतली कुटं हातात?"

"ही न्हाय. आपली. खंडेनवमीला. कड फुगली म्हनून मी ग्राइंडरवर घासली. तुमचा हात खरं बोलत हुता. तीन दशांश मीच खाल्ले."

शेठचं तोंड लाल झालं. "उद्यापासनं यायचं न्हाय तू," म्हनला. "उद्या कशाला, आत्ताच नीघ."

मास्तरनं शेठकडं बगितलं बी न्हाय. त्यो खुर्चीवर बसला, कागद वडला, कायतरी लिवलं, आन तोंडानं पुटपुटत हुता, "खरं बोलत हुता... मी त्येचं हाड घासलं... खरं बोलत हुता त्यो." डोळं भरल्याले. मग एकदम उठला.

"सायेब, तुमची दांडी पाचशेची हाय ना? आता माझा हात ती पाचशे पूर्नांक तीन दशांश सांगंल. धा वेळा टेकवू. धाच्या धा वेळा तीन जास्त. एकदा जरी दुसरा आकडा आला तर मीच सोता ह्येला भट्टीत टाकतो."

"टेकवणार कोण?" सायेबानं इचारलं.

"ह्योच," माझ्याकडं बोट. "कारखान्यात सगळ्यात वंगाळ हात ह्येचे हायती. आत्ता तर थरथरत्यात बी."

शेठनं कपाळाला हात लावला. मी टेकवलं. कोपर वर, कोपर खाली, डावीकडनं, उजवीकडनं. सायेब सोता तबकड्या वाचत हुता आन मास्तरच्या तक्त्यात बगत हुता. पाचशे पूर्नांक तीन. पाचशे पूर्नांक तीन. सातव्या खेपंला माझा घाम गोळीवर पडला. मास्तरनं पुसला, मी टेकवलं, पाचशे पूर्नांक तीन. धाव्याला सायेबानं पेन खाली ठेवलं आन हसला.

"शेठ," म्हनला, "किती चुकणार ते आधी सांगून तेवढंच चुकणारं माप मी पहिल्यांदा बघतोय. हाताची नवी पट्टी करा, पंधरा दिवसांनी परत दाखवा. तोवर माझी दांडी इथंच राहू दे." मग माझ्याकडं बगून शेठला म्हनला, "पेटीला मात्र दोन कुलपं लावा."

सायेब गेल्यावर शेठ परत माझ्याकडं वळला. मास्तर मधी उभा ऱ्हायला. "ह्येला काडायचं न्हाय. ह्येच्याशिवाय तपासनी हुत न्हाय." शेठ दोघांना बी शिव्या देत गेला. त्या शिव्यांतच मला कळलं, नोकरी ऱ्हायली.

पन मास्तर माझ्याशी बोलंना. चार दिवस. नवी पट्टी केली, जोडली, एक शब्द न्हाय. "टेकव" बी न्हाय. नुसतं बोट दाखवायचा. मला शेठच्या शिव्या बऱ्या वाटाय लागल्या. पाचव्या दिशी सकाळी लोखंडी हात जोडून तयार झाला, सायेबाची दांडी म्होरं ठेवली, आन मास्तर स्टुलावर बसून पयल्यांदा बोलला.

"आनखी काय हाय का?"

"कशाचं मास्तर?"

"सांगायचं ऱ्हायल्यालं. आता सांग. नंतर मला पट्टी घासायला लावू नगंस."

मी मान खाली घातली. "ते पेरू... त्यातले चार मीच खाल्ले."

"म्हाईत हाय. पाच."

"छर्र्यांच्या ताटलीत एकदा माझ्या बिडीची राख पडली."

"बरं. आनखी?"

हे सांगायचं नव्हतं. पन त्यो बसला हुता, गप, तबकडीच्या काट्याकडं बगतोय तसा माझ्याकडं बगत. "धा वेळा टेकव म्हनता तुमी. तक्ता बगायच्या नादात मोजायचं माझ्यावर सोडता. कधी कधी मी आटच टेकवतो आन धा झाले म्हनतो."

मास्तर स्टुलावरनं उठला. मला वाटलं आता मारतोय. "कधी?"

"सोमवारी. सोमवारी लई कटाळा येतो."

"सगळ्या सोमवारी?"

"सगळ्या."

त्येनं खिशातनं रुमाल काडून लोखंडी हाताची गोळी पुसली, हळूच, लेकराचं नाक पुसावं तशी.

"संपलं?"

"संपलं."

"मग जा, तळवे गार कर. एकपासनं घेऊ."

त्या दिशी सोमवार हुता. मी धाच्या धा टेकवले.